बाळंतपणाचे कागद 21 वर्षं जपा : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई 400032

मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

बाळंतपणाचे कागद रुग्णालयानं किती वर्षं जपून ठेवायचे, एवढ्या एका प्रश्नासाठी हे पत्र लिहिते आहे. प्रश्न कारकुनी वाटेल. पण जन्माच्या वेळी ज्या मुलाच्या मेंदूला इजा झाली, त्याच्या नुकसानभरपाईचं सगळं प्रकरण याच कागदांवर उभं राहतं नाहीतर कोसळतं.

मी भांडुपला राहते. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही. उपनगरातल्या एका खासगी प्रसूतिगृहात तो जन्मला. जन्मल्यावर रडला नाही, म्हणून त्याला दुसऱ्या रुग्णालयाच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात हलवलं. डिस्चार्ज कार्डावर ‘बर्थ ॲस्फिक्सिया’, म्हणजे जन्माच्या वेळी बाळ गुदमरणं, एवढेच शब्द होते. पुढे मान धरायला उशीर झाला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, याच्या बाबानंही उशिराच धरली होती. बसायचं वय गेलं, उभं राहायचं गेलं, आणि मग तज्ज्ञ डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. बहुतेक घरांत हे असंच घडतं. निदान पक्कं होईस्तोवर मूल वर्ष-दोन वर्षांचं झालेलं असतं.

आता कायद्यातल्या मुदती बघा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर आयोग तो माफ करू शकतो, पण तेवढ्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळा वाद. दिवाणी न्यायालयात 1963 चा मुदत कायदा अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाला सवलत देतो : अठरा पूर्ण झाल्यावर तीन वर्षांपर्यंत त्याला स्वतः दावा लावता येतो. म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत. आणि ज्या कागदांवर हा दावा चालायचा, ते रुग्णालयानं किती काळ ठेवायचे? भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीप्रमाणे, उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं. ऑगस्ट 2023 मध्ये नवी नियमावली आली आणि त्याच महिन्यात स्थगित झाली, त्यामुळे जुनीच चालू आहे. मुलाचा हक्क एकविसाव्या वर्षापर्यंत शाबूत, आणि त्याचा पुरावा मूल बालवाडीत जायच्या वयात रद्दीत.

वकीलसाहेब पहिल्याच भेटीत म्हणाले होते, “ताई, बाकी सगळं नंतर. आधी आयपीडी पेपर आणा.” म्हणजे भरती असतानाचे रुग्णालयातले कागद. तोवर मला वाटायचं की माझ्या पोटातून मूल आलं, मी तिथे होते, मी सांगेन ते पुरेसं आहे. ते पुरत नाही. कळा सुरू झाल्यापासून गर्भपिशवीचं तोंड किती वाजता किती उघडलं, हे पार्टोग्राफ नावाच्या तक्त्यावर लिहितात. बाळाचे ठोके मिनिटाला साधारण 110 ते 160 असायला हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे ते आधी दर अर्ध्या तासानं आणि बाळ बाहेर येण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी तपासून नोंदवायचे. ठोके घसरल्याचं नर्सनं किती वाजता लिहिलं, डॉक्टर किती वाजता आले, सिझेरियनचा निर्णय कधी झाला, टेबलवर कधी घेतलं, जन्मल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाचा अपगार, म्हणजे श्वास, ठोके, रंग वगैरे बघून दिलेले गुण, किती होता. निष्काळजीपणा झाला की नाही, ते या वेळांच्या मधल्या फटीत दिसतं. आईच्या आठवणीत घड्याळ नसतं. त्या अवस्थेत कोण भिंतीकडे बघतं?

त्यात सीटीजी. पोटाला पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात ती पट्टी. सगळ्यांत बोलका पुरावा तोच. पण अनेक मशिनांत ती पट्टी थर्मल कागदावर छापली जाते, बसच्या मशीनमधल्या तिकिटासारखी, आणि काही वर्षांत फिकी पडून कोरी होते. म्हणजे एखाद्या प्रामाणिक रुग्णालयानं फाइल जपली तरी तिच्यातलं सर्वांत महत्त्वाचं पान आपोआप पुसलं जातं.

आम्ही प्रसूतिगृहाला कागदांसाठी लेखी अर्ज दिला. रुग्णाला कागदांच्या प्रती मिळायला हव्यात हे मुंबई उच्च न्यायालयानं 1996 मध्येच सांगितलं आहे आणि 2002 च्या नियमावलीत त्यासाठी 72 तासांची मुदत आहे. आधी ऐकलं, मॅडम बाहेरगावी आहेत. मग, रेकॉर्ड गोडाऊनला आहे. शेवटी, पावसाचं पाणी शिरलं आणि गठ्ठे भिजले. मुंबईत ही सबब खोडून काढणं कठीण, इथे दरवर्षी कुठे ना कुठे पाणी शिरतंच. आमच्या हाती आलं डिस्चार्ज कार्ड, माझी सही असलेला संमतीचा फॉर्म आणि बिल. बिल मात्र कोरडं होतं.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण हे पत्र डॉक्टरही वाचतील. प्रत्येक सेरेब्रल पाल्सी प्रसूतीतल्या चुकीमुळे होत नाही. गर्भातला संसर्ग, कमी दिवसांचा जन्म, जन्मानंतरची तीव्र कावीळ, कितीतरी कारणं असतात. माझ्या मुलाच्या बाबतीत नेमकं काय घडलं हे मला आजही माहीत नाही. कागद असते तर कळलं असतं, आणि कदाचित डॉक्टरांचा दोष नव्हता असंही कळलं असतं. ज्यांनी वेळेवर सगळं केलं, त्यांचाही पहिला साक्षीदार तीच फाइल आहे. दवाखाने फोडणाऱ्यांच्या मी बाजूची नाही. त्यांच्याविरुद्ध राज्यानं 2010 मध्ये कायदा केला, तो योग्यच केला. पण दगड नको असेल तर अर्जाला उत्तर मिळायला हवं.

कागद किती वजनाचा असतो याचं उदाहरण चेन्नईचं आहे. 1996 मध्ये तिथे कमी दिवसांची एक मुलगी जन्मली. अशा बाळांचे डोळे ठरावीक वेळेत तपासावे लागतात, ते झालं नाही आणि तिची दृष्टी गेली. अशा तपासणीची गरज असल्याचा इशारा डिस्चार्जच्या कागदात नव्हता, हे सर्वोच्च न्यायालयानं नोंदवलं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं पाच लाख दिले होते. न्यायालयानं 2015 मध्ये ते सुमारे 1 कोटी 80 लाखांवर नेले. तोवर मुलगी अठरा वर्षांची झाली होती. तो कागद तिसऱ्या वर्षी रद्दीत गेला असता तर?

आयोगानं शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. वास्तव काय आहे ते आपण जाणता, आणि ते खातं आपलं नाही हेही मला ठाऊक आहे, म्हणून ते इथे वाढवत नाही. आपल्या खात्यातलं मात्र बोलते. ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. निर्णय चांगलाच. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालाप्रमाणे, जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते ती सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. म्हणजे गरिबाच्या लेकराला इजा झाली तर त्याला दिवाणी दावा नाहीतर उच्च न्यायालय. या मुलांसाठी आपल्या विभागाची स्वतःची काय सोय आहे, ते सांगावं. जपाननं 2009 पासून अशी योजना चालवली आहे : निकषात बसणाऱ्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला डॉक्टरची चूक सिद्ध न करता 3 कोटी येन मिळतात, आणि प्रत्येक प्रकरणाची कारणं तपासून पुढच्या बाळंतपणांसाठी अहवाल निघतो. तेवढे पैसे आपल्याकडे नाहीत हे मान्य. तपासून अहवाल काढायला किती लागतात?

पैशाचं म्हणाल, तर लोक विचारतात, भरपाईनं मूल चालणार आहे का? नाही चालणार. रोजची फिजिओथेरपी, वाढत्या पायाबरोबर बदलावे लागणारे स्प्लिंट, फिट्सची औषधं, आणि कुणा एकाची सुटलेली नोकरी. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या, अशा अपंग व्यक्तींसाठीच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, त्याचा आधार आहे. पण आमच्यानंतर याचं कोण करणार, याचं उत्तर विम्यात नाही.

माझी मागणी दिल्लीला न विचारता पुरी करता येते असं मला वाटतं. खासगी प्रसूतिगृहं महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, 1949 खाली चालतात. त्याचे नियम राज्याचे आहेत. 2021 मध्ये राज्यानंच त्यात बदल करून रुग्ण हक्कांची सनद आणली. तसाच आणखी एक बदल करा : बाळंतपणाची संपूर्ण फाइल मूल 21 वर्षांचं होईपर्यंत ठेवायची. ब्रिटनमध्ये बाळंतपणाचे कागद 25 वर्षं ठेवतात, त्यामुळे मी काही अजब मागत नाही. सीटीजीची पट्टी त्याच दिवशी स्कॅन करायची. पार्टोग्राफ आणि सीटीजीची प्रत डिस्चार्ज कार्डाबरोबर आईच्या हाती द्यायची, मागितल्यावर नाही, आपणहून. रुग्णालय बंद पडलं तर फायली नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जमा व्हाव्यात, म्हणजे मुंबईत महापालिकेकडे. फाइल हरवली तर त्याची लेखी नोंद तिथे आधीच झालेली असावी, अर्ज आल्यावर पाऊस आठवता कामा नये.

छोट्या नर्सिंग होमना जागा कुठे, असं आपल्याला सांगितलं जाईल. मुंबईत जागा नाही हे भांडुपच्या चाळीत राहणाऱ्या बाईला कुणी सांगू नये. स्कॅन केलेल्या फायली पेन ड्राइव्हवरही मावतात.

नियमात बदल होणार असेल तर त्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी मराठीत प्रसिद्ध करावा, ही विनंती. माझ्या प्रकरणाला त्याचा आता उपयोग नाही. या पत्राची प्रत महापालिकेच्या आरोग्य खात्यालाही देत आहे. लेखी उत्तराची वाट बघते.

आपली,
एका मुलाची आई
भांडुप (पश्चिम), मुंबई