दोन्हीकडचं पाणी

ल्युब्लियाना, स्लोव्हेनिया
सप्टेंबर अखेर, रविवार रात्र

ती. आजोबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि हे मला घाईघाईत सांगायचंही नव्हतं, म्हणून कागद घेऊन बसले आहे. बाबांना मोठ्यानं वाचायला सांगा. आजीला शेजारी बसवा.

काल सकाळी आम्ही दोघं एका छोट्या विमानातून आल्प्सवरून फिरून आलो. तासाभराचा प्रवास. पण उतरल्यापासून डोक्यात तुम्हीच आहात.

तुम्हाला आठवत असेल, मी तिसरी-चौथीत असताना तुम्ही मला जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात नेलं होतं. गोमुखाखाली माझी ओंजळ धरलीत आणि सांगितलंत, कृष्णा इथून निघून पूर्वेला बंगालच्या उपसागराला जाते आणि सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. मी ओंजळीतल्या पाण्याकडे बघत राहिले. एकाच डोंगरावरचं पाणी, सारखंच गार, सारखंच गोड, आणि ते अशा दोन टोकांना जातं हे तेव्हा मला खरंच पटलं नव्हतं. तुम्ही सांगताय म्हणून मान हलवली होती. काल ते डोळ्यांनी बघितलं, आजोबा. सह्याद्रीवर नाही, इथे.

हा देश केवढा, तर 20,273 चौरस किलोमीटर. आपल्या नगर जिल्ह्याहून थोडाच मोठा. माणसं एकवीस लाखांच्या आसपास, म्हणजे पुणे शहरापेक्षाही कमी. निम्म्याहून जास्त जमीन जंगलाखाली. 1991 साली युगोस्लाव्हियातून बाहेर पडून स्वतंत्र झाला. उत्तरेला ऑस्ट्रिया, पश्चिमेला इटली, आणि त्या कोपऱ्यात ज्युलियन आल्प्स. काल फिरलो ते तिथेच.

त्याआधी दोन शनिवार ढगांमुळे रद्द झाले होते. काल पहाटे निघालो तेव्हाही ल्युब्लियानात इतकं धुकं होतं की समोरची गाडी दिसेना. इथे शरद ऋतूत शहर असंच धुक्यात बुडून राहतं. तुमचे नातजावई म्हणाले, हाही शनिवार गेला. पण क्रान्य गावाच्या पुढे गेलो आणि धुकं मागेच राहिलं. समोर लख्ख ऊन, आणि डोंगरांच्या माथ्यावर दोन दिवसांपूर्वी पडलेलं मोसमातलं पहिलं बर्फ.

विमानतळ लेस्त्से गावचा. नाव विमानतळ, पण धावपट्टी गवताची. कडेला विनाइंजिनाची ग्लायडर विमानं पांढऱ्या बगळ्यांसारखी ओळीनं उभी होती. आमचं विमान सेसना 172, चार जणांचं. पंख छपरावर असतात, त्यामुळे खालचं सगळं दिसतं. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, केस पिकलेले, बोलणं कमी. आधी आमची वजनं विचारून कागदावर लिहून घेतली. मग विमानाभोवती एक फेरी मारली, प्रत्येक बिजागरी हातानं हलवून बघत. आणि मग त्यांनी जे केलं ते मी अगदी जवळ उभी राहून बघितलं. पंखाखालच्या एका बारीक तोटीला काचेसारखी पारदर्शक नळी लावून त्यांनी थोडं पेट्रोल काढलं. ते पेट्रोल फिकट निळं असतं. नळी उजेडात धरून त्या कितीतरी वेळ बघत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, रात्रीच्या गारठ्यानं टाकीत पाणी सुटलं असलं तर ते तळाशी बसतं, वेगळी रेघ दिसते, आणि तेवढं पाणी इंजिन बंद पाडायला पुरतं. रेघ नव्हती. मला आजीची आठवण झाली, अधमुरं दूध असंच पातेलं तिरपं करून बघते ती. मनातली निम्मी भीती त्या नळीनंच घालवली.

आता खास तुमच्यासाठीची गोष्ट. आत बसलो, पट्टे लावले, कानांवर हेडफोन चढवले. बाईंनी मागे वळून विचारलं, "स्ता प्रिप्राव्ल्येना?" म्हणजे तुम्ही दोघं तयार आहात का? मी म्हणाले, "स्वा!" म्हणजे, आहोत, आम्ही दोघं.

आजोबा, या भाषेत द्विवचन आहे! पुस्तकात नाही, रोजच्या बोलण्यात. दोघं नवरा-बायको भाजी आणायला निघाली तरी द्विवचनात बोलतात, आणि तिसरं माणूस आलं की लगेच अनेकवचन. मी गेल्या वर्षी वर्गात पहिल्यांदा 'असणे'ची रूपं शिकले तेव्हा वहीवर हात थांबला होता. प्रथम पुरुषी: सेम, स्वा, स्मो. तुम्ही पहाटे आमच्याकडून घोकून घ्यायचात ते: अस्मि, स्वः, स्मः. द्वितीय पुरुषी यांचं सि, स्ता, स्ते, आपलं असि, स्थः, स्थ. मराठीतून द्विवचन कधीच गेलं, आणि इथे एक वैमानिक बाई इंजिन चालू करण्याआधी ते सहज वापरतात. त्या क्षणी तुम्ही मागच्या रिकाम्या सीटवर असायला हवे होतात. मग मात्र त्यांना 'स्ते' म्हणावं लागलं असतं.

गवतावर धडधडत निघालो आणि धडधड एकदम थांबली, तेव्हा कळलं की जमीन सुटली. उजव्या हाताला रादोव्ल्यित्सा गाव, आणि त्याच्या खालच्या अंगाला संगम. सावा नदीचे दोन फाटे, एक सावा दोलिंका आणि दुसरा सावा बोहिंका, तिथे एकत्र येतात आणि पुढे नुसती सावा. तुम्ही मला संगम माहुलीला घाटाच्या पायऱ्यांवर उभं करून कृष्णा कुठली आणि वेण्णा कुठली ते दाखवायचात. मी तशीच खिडकीला नाक लावून शोधत होते, कोणतं पाणी कुणाचं. थोडं अंतर दोन रंग वेगळे दिसतात, मग मिसळतात.

ब्लेडचं तळं तर तुम्ही आमच्या लग्नानंतरच्या फोटोंत बघितलंच आहे. मधोमध बेट, बेटावर चर्च, चढायला 99 पायऱ्या, आणि कड्यावर किल्ला. वरून बघताना ते परातीत ठेवलेल्या पेढ्याएवढं दिसलं. त्यापेक्षा पुढचं बोहिन तळं मला जास्त आवडलं. चार किलोमीटरांहून लांब, तिन्ही बाजूंनी डोंगर, काठाला बांधकाम जवळजवळ नाही. त्याच्या टोकाला सावित्सा नावाचा धबधबा कड्याच्या पोटातूनच बाहेर पडतो. वर नदी दिसत नाही, ओढा दिसत नाही, आणि भिंतीतून एकदम पाणी. कारण इथला डोंगर आपल्यासारखा काळ्या पाषाणाचा नाही, चुनखडीचा आहे. पावसाचं पाणी त्यात मुरतं, आतल्या आत वाटा कोरतं आणि भलत्याच ठिकाणी वर येतं. अशा जमिनीला जगभर 'कार्स्ट' म्हणतात, आणि ते नाव याच देशातल्या क्रास नावाच्या पठारावरून पडलं आहे. आपल्या घाटात पावसाळ्यात प्रत्येक कड्यावरून पांढऱ्या धारा लोंबतात. इथले एवढे मोठे डोंगर मात्र वरून कोरडे ठणठणीत, करड्या-पांढऱ्या हाडांसारखे.

सात तळ्यांच्या दरीवरून चढत चढत आम्ही त्रिग्लावसमोर आलो. 'त्रि' तुम्हाला सांगायला नको. 'ग्लावा' म्हणजे डोकं. त्रिशिर! उंची 2864 मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा बाराशे मीटरांहून जास्त. या देशाच्या झेंड्यावर हाच डोंगर आहे. 1778 साली माणसं पहिल्यांदा त्याच्या माथ्यावर पोचली. इथे म्हणतात, ज्यानं एकदा तरी त्रिग्लाव चढला तोच खरा स्लोव्हेनियन. आपल्याकडे वारीबद्दल लोक ज्या आवाजात बोलतात, त्याच आवाजात इथले लोक त्रिग्लावबद्दल बोलतात. माथ्यावर पत्र्याची एक लहानशी गोल खोली आहे, चार-पाच माणसं दाटीवाटीनं उभी राहतील एवढी. याकोब अल्याझ नावाच्या एका धर्मगुरूनं माथ्यावरची जागा स्वतः विकत घेतली आणि 1895 साली ती उभी केली, डोंगर आपल्या लोकांचाच राहावा म्हणून. तेव्हा इथे ऑस्ट्रियाचं राज्य होतं. बाईंनी मला दिसावं म्हणून विमान उजवीकडे कलवून सावकाश फेरी मारली. बर्फात ती खोली देव्हाऱ्यातल्या एखाद्या डबीसारखी चमकत होती आणि तिच्याजवळ तीन माणसं. एकानं हात वर केला. मीही केला, त्याला दिसला नसेलच.

माथ्याखाली एक हिमनदी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती चाळीस हेक्टरांहून मोठी होती, आता एक हेक्टरभरही उरलेली नाही. बाईंनी बोटानं जागा दाखवली. म्हणाल्या, मी लहान होते तेव्हा वडिलांनी मला तिच्यावरून चालवत नेलं होतं. यापुढे त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

त्रिग्लावच्या पश्चिमेला जमीन एकदम खोल जाते. ती त्रेंता दरी, आणि तळाशी सोचा नदी. तिचा रंग कसा सांगू? आजीच्या नथीतला पाचू दुधात बुडवून काढला तर. पहिल्या महायुद्धात, 1915 ते 1917, याच नदीच्या काठानं इटली आणि ऑस्ट्रियाचं सैन्य लढलं. एकामागून एक बारा लढाया झाल्या. त्रेंतातून वर व्हर्शिच नावाची खिंड चढते, 1611 मीटरांवर. तिच्यावरचा पन्नास वळणांचा रस्ता त्याच युद्धात रशियन युद्धकैद्यांकडून करून घेतला. 1916 च्या मार्चमध्ये हिमकडा कोसळून त्यातले कितीतरी गाडले गेले. मागे राहिलेल्यांनी त्यांच्यासाठी लाकडाचं छोटं प्रार्थनामंदिर बांधलं, ते अजून आहे. वरून रस्ता सुतळीच्या गुंत्यासारखा दिसतो. मी त्या प्रत्येक वळणाला मनात हात जोडले.

आणि मग ती खिंड ओलांडली. बाई म्हणाल्या, डोंगरधारेला कधी सरळ भिडायचं नाही, तिरकं जायचं. पलीकडचा वारा खाली दाबायला लागला तर जरासं वळलं की आपण परत मोकळ्या दरीत. खरंच धारेवर पोचताच विमान असं आदळलं, जशी घाटात एसटी खड्ड्यात जाते. तुमच्या नातजावयांनी मागून माझा खांदा घट्ट पकडला. मी मात्र खालीच बघत होते, कारण नेमकं तेव्हाच बाईंच्या तोंडून ते वाक्य आलं. उजवीकडे बोट दाखवून म्हणाल्या, इकडचं पाणी सोचाला, एड्रियाटिक समुद्रात. डावीकडे बोट केलं, तिकडचं सावाला, मग बेलग्रेडला डॅन्यूबमध्ये, मग काळ्या समुद्रात.

धारेवर ताजं बर्फ होतं. एकच पांढरी चादर, दोन्ही उतारांवर सारखी पसरलेली. ऊन लागून ती कडांना वितळत होती आणि दोन्ही बाजूंना ओल्या काळ्या रेघा उतरत होत्या. उजव्या बाजूच्या पाण्याला समुद्र गाठायला दीडशे किलोमीटरसुद्धा लागत नाहीत. डावीकडच्याला निम्मा युरोप पालथा घालायचा आहे. बर्फात तर ते शेजारी शेजारी होतं. मला गोमुख दिसलं. तुमचा हात दिसला, माझ्या ओंजळीखाली धरलेला.

मी रडले, आजोबा. बाईंना वाटलं घाबरले, त्यांनी विमान स्थिर केलं आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मग मी त्यांना कृष्णेचं आणि सावित्रीचं सांगितलं, तोडक्यामोडक्या स्लोव्हेनियनमध्ये, इंजिनाच्या आवाजावर ओरडून. त्यांनी देवळाचं नाव दोनदा विचारून घेतलं.

खिंडीजवळच्या प्रिसोयनिक नावाच्या डोंगराच्या कड्यावर एका मुलीचा चेहरा आहे म्हणतात, शापानं दगड झालेली. खिंडीत वाट चुकलेल्यांना ती मदत करायची. अहल्येची गोष्ट सांगताना तुमचा आवाज कसा व्हायचा ते आठवलं. काल विमानातून चेहरा काही ओळखू आला नाही, पण गेल्या वर्षी खालच्या रस्त्यावरून बघितला होता. नाक-डोळे स्पष्ट आहेत.

परतीची वाट सावा दोलिंकाच्या दरीतून, येसेनित्सेच्या पोलाद कारखान्यावरून. उतरायच्या आधी ब्रेझ्नित्सा गाव लागलं. अंतोन यान्शा नावाचे मधमाश्या पाळणारे तिथले. अठराव्या शतकात व्हिएन्नाच्या दरबारी शाळेत त्यांनी मधमाशीपालन शिकवलं. 20 मेला मधमाशी दिन असतो तो त्यांच्याच नावानं. बाबांच्या मळ्यातल्या पेट्यांना ही हकीकत सांगायला हरकत नाही. दहाच्या सुमारास पुन्हा गवतावर टेकलो. उन्हं तापली की डोंगरांवर ढग चढतात, म्हणून इथे सगळे सकाळीच उडून घेतात.

मोतीबिंदूच्या डोळ्यात औषध दिवसातून तीनदा घालायचं आहे, दोनदा नव्हे, आईनं मला सगळं सांगितलं आहे. डिसेंबरात येते आहे. तेव्हा थंडी बेताची असली तर महाबळेश्वरला जाऊ, गाडी मी चालवीन.

सोबत दोन फोटो पाठवते. पहिला माथ्यावरच्या खोलीचा, भिंग लावलंत तर हात वर केलेला माणूस दिसेल. दुसरा काचेतून काढल्यानं धूसर आहे, पण तोच नीट बघा. तो खिंडीजवळच्या धारेचा आहे. डावीकडचा उतार सावाचा, उजवीकडचा सोचाचा. मी लाल पेनानं बाण काढले आहेत.

आजीला नमस्कार.

तुमची नात