रात्री श्वास थांबतो का, एवढं विचारा: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: बीपी तपासताना घोरण्याचीही चौकशी व्हावी

महोदय,

मी ऐरोलीत राहते. माझे यजमान तुर्भ्याच्या मार्केटमधून पहाटे भाजीचा टेम्पो घेऊन निघतात. ते इतकं घोरायचे की शेजारच्या खोलीत ऐकू जायचं. सासूबाई म्हणायच्या, दमून येतो, गाढ झोपतो बिचारा. मलाही तसंच वाटायचं. पण मधेच घोरणं बंद पडायचं. मी अंधारात आकडे मोजायचे. दहा, पंधरा, कधी वीस. मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज यायचा, ते कूस बदलायचे आणि पुन्हा घोरणं सुरू.

हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. बीपीच्या तीन गोळ्या चालू असूनही वरचा आकडा 160 च्या खाली येत नव्हता. दर वेळी तेच प्रश्न: मीठ कमी केलं का, तंबाखू सोडली का, गोळ्या चुकतात का? गोळ्या तर मीच त्यांच्या हातावर ठेवत होते! पुढे छातीत धडधड सुरू झाली, ईसीजीत ठोके अनियमित निघाले. तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याऐवजी मला विचारलं, "रात्री यांचा श्वास थांबतो का हो?" मला रडूच आलं.

रात्रभराच्या तपासणीत, म्हणजे स्लीप स्टडीत, तासाला 38 वेळा श्वास अडकत असल्याचं निघालं. पाचच्या आत असेल तर ठीक, तिसाच्या वर गेला की आजार तीव्र. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. जीव वाचवायला मेंदू शरीराला दचकवून उठवतो. त्या दचक्यासरशी बीपी चढतं, हृदय धावू लागतं. रात्री जे बीपी उतरायला हवं, ते शेकडो वेळा असं वर जातं. गोळ्यांना न जुमानणारं बीपी, अनियमित ठोके, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशी या आजाराचा संबंध डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे.

प्रत्येक घोरणाऱ्याला हा आजार नसतो. नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन घेतलं की झटका टळलाच, असंही मी म्हणणार नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, आधीच हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांमध्ये मशीनमुळे नवे झटके कमी झालेले दिसले नाहीत. पण ते लोक रात्री सरासरी सव्वातीन तासच मशीन लावत होते. मला तर त्यातून एवढंच कळतं, की आजार हृदयापर्यंत पोचायच्या आधी पकडायला हवा.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी आणि साखर तपासायची सरकारी मोहीम आहेच. आशाताई फॉर्म घेऊन दारात येतात. त्यात तीन प्रश्न वाढवा: मोठ्यानं घोरता का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, दिवसा पेंग येते का? आणि हे प्रश्न घरच्यांना विचारा. ज्याचा श्वास थांबतो त्याला सकाळी काहीच आठवत नसतं.

संशय आला तर स्लीप स्टडीसाठी कुठल्या सरकारी रुग्णालयात पाठवायचं, हे आशाताईंच्या हातातल्या कागदावर लिहिलेलं असावं. आम्ही ती खासगीत केली, त्यासाठी माझ्या पाटल्या मोडल्या. ज्यांच्याकडे मोडायला काही नाही त्यांनी काय करायचं?

शिवाय ठाणे-बेलापूर रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक, टेम्पो आणि कंपन्यांच्या बसगाड्या धावतात. चालकांच्या वैद्यकीय तपासणीतही हे प्रश्न यावेत, यासाठी आपण परिवहन खात्याशी बोलावं. माझे यजमान महापेच्या सिग्नलला स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपले होते, मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकून जागे झाले. त्या दिवशी सिग्नल लाल होता म्हणून गाडी उभी होती.

आपली,
ऐरोलीची एक रहिवासी