चुनखडीचे खडे आणि पिसदुऱ्याचे दगड

महोदय,
ढग डोंगर चढू लागले की जड ऑक्सिजनचे (ज्याचे अणू थोडे वजनदार असतात त्याचे) पाणी आधी बरसते, माथ्यावर हलक्या ऑक्सिजनचे पडते. ही खूण मातीतल्या चुनखडीच्या खड्यांत टिकते; तीवरून तिबेट-हिमालयाची कोट्यवधी वर्षांपूर्वीची उंची काढतात. असे चुनखडीचे खडे तर आमच्या वावरात वखराला रोज लागतात!

वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची दगड झालेली विष्ठा सापडते. २००५ साली तिच्यात गवताचे सूक्ष्म कण असल्याचे प्रसिद्ध झाले. गवत इतके जुने, साडेसहा कोटी वर्षांपलीकडचे, असल्याचा असा पक्का पुरावा तोवर नव्हता. आमच्या पोरांना मात्र यातले काही ठाऊक नाही. असे दगड भरावात जाताना पाहिले की जीव तुटतो. शाळांनी पोरांना एकदा तरी तिथे न्यावे.

– एक शेतकरी, जि. चंद्रपूर