‘काहीच दिसले नाही’ म्हणजे नेमके काय?

महोदय,

गॅमा किरण स्फोटांच्या, म्हणजे दूरच्या विश्वातून येणाऱ्या गॅमा किरणांच्या क्षणिक झोतांच्या, बातम्यांत ‘दुर्बिणींना काहीच आढळले नाही’ असे वाक्य अधूनमधून येते. कोणत्या फिल्टरमधून आणि स्फोटानंतर किती वेळाने पाहिले, हे नसेल तर त्या वाक्यातून काहीच हाती लागत नाही.

२३ एप्रिल २००९ चा स्फोट घ्या. स्विफ्ट उपग्रहाने तो टिपला तेव्हा आपल्याकडे दुपारचा दीड वाजत आला होता, हवाईत रात्र होती. साध्या प्रकाशात त्या जागी काही नव्हते, तिथल्या ३.८ मीटरच्या युकर्ट दुर्बिणीने मात्र वीसेक मिनिटांत अवरक्तात स्फोटामागे उरलेल्या प्रकाशाचा ठिपका पकडला. जे, एच, के या अवरक्त फिल्टरमध्ये दिसणारा हा ठिपका वाय फिल्टरमध्ये, म्हणजे १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास, गायब होता. आड धूळ असती तर तो फिल्टरागणिक हळूहळू मंदावला असता. इथे प्रकाश कापल्यासारखा तुटला होता. हे काम हायड्रोजनचे. ०.१२१६ मायक्रॉनपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश तो गिळतो, आणि ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे तरंगलांबी ताणली जाण्याचे माप) ८.२ असल्याने ही सीमा ९.२ पटींनी सरकून १.१२ मायक्रॉनवर येते. तो प्रकाश १३ अब्ज वर्षे जुना होता.

असा ठिपका शोधणे किचकट असते. अवरक्तात आकाश स्वतःच उजळते, के फिल्टरमध्ये तर दुर्बिणीची उष्णताही भर घालते. म्हणून १०-२० सेकंदांच्या फ्रेम घ्यायच्या, दर वेळी दुर्बीण थोडी सरकवायची, सगळ्यांच्या मध्यकातून (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या मूल्यातून) आकाशाची पार्श्वभूमी काढून वजा करायची आणि मग तारे जुळवून बेरीज. ठळक ताऱ्याचा ठसा डिटेक्टरवर पुढच्या काही फ्रेम रेंगाळतो आणि मंदावतही जातो, त्यामुळे हुबेहूब फसवतो. पण तो पिक्सेलला चिकटून राहतो; खरा ठिपका ताऱ्यांबरोबर सरकतो.

ठिपका नवा आहे की तिथला जुनाच तारा, हे टू-मास या आकाशाच्या जुन्या अवरक्त नकाशाशी ताडून भागत नाही, तो के फिल्टरमध्ये साधारण १४-१५ व्या प्रतीलाच थांबतो (प्रत हे तेजाचे माप, आकडा मोठा तितका ठिपका मंद). त्याच जागेची दुसरी प्रतिमा हवीच. स्फोटाच्या ठिपक्याचे तेज साधारण स्फोटानंतरच्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात उतरते. पहिली प्रतिमा एका तासाने आणि दुसरी दोन तासांनी घेतली तर फरक जेमतेम पाऊण प्रत, मंद ठिपक्यासाठी तो त्रुटीतच बुडतो. दुसरी दहा तासांनी घेतली तर अडीच प्रतींचा फरक मिळतो, पण तोवर अनेकदा उजाडलेले असते.

मुंबईच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) बनवलेला टिरकॅम-२ हा अवरक्त कॅमेरा उत्तराखंडातील देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर वापरला जातो. अशा निरीक्षणाची बातमी देताना फिल्टर, वेळ आणि किती प्रतीपर्यंत पाहिले, एवढे तरी छापावे.

— एक वाचक, पुणे