घाटात बंद पडणारा ट्रक आणि टाकीतली नळी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की कसारा घाटात ट्रक बंद पडून वाहतूक खोळंबल्याची बातमी आपल्या दैनिकात दर काही दिवसांनी वाचायला मिळते आणि तीत ‘जुनाट ट्रक’ एवढ्या दोन शब्दांत कारणाचा निकाल लावलेला असतो. मी नाशिकच्या आडगाव नाक्याजवळ राहणारा, एकाच गाडीवर धंदा करणारा मालक आहे. माझी गाडीही २००७ ची, सहा चाकी, साध्या मेकॅनिकल डिझेल पंपाची (इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा पंप). तिचे वय मी नाकारत नाही. परंतु चालती गाडी वयामुळे अचानक थांबत नाही, ती एखाद्या नळीमुळे, वायसरमुळे किंवा तारेमुळे थांबते. ते ठिकाण शोधण्याआधीच पंप खोलण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, तिची किंमत मी स्वतः मोजली आहे, म्हणून हे लिहीत आहे.

आमची नेहमीची फेरी पिंपळगावहून कांदा घेऊन वाशीला आणि परतीला भिवंडीच्या गोदामातून मिळेल तो माल घेऊन नाशिकला, अशी असते. एका हंगामात तीन महिन्यांत गाडी पाच वेळा बंद पडली आणि पाचही वेळा कसाऱ्याच्या चढणीला. गाडी दुसऱ्या गिअरवर असताना दम हळूहळू कमी होई, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबूनही उपयोग होत नसे, इंजिन दोन-तीन हिसके देई आणि गप्प होई. मग क्लीनरने चाकांना दगड लावायचे, फिल्टरवरचा बोल्ट सैल करायचा आणि हातपंप मारत बसायचे. आधी फसफसता पांढरा फेस, म्हणजे डिझेलात मिसळलेली हवा, येई. फेस संपून डिझेलची सलग धार लागली की बोल्ट आवळायचा, सेल्फ मारायचा, गाडी चालू. पुढे इगतपुरी ओलांडल्यावर, पुन्हा खोळंबा नको म्हणून, आम्ही पहिल्याच पेट्रोल पंपावर डिझेल भरत असू आणि तिथून घरापर्यंत गाडी बिनतक्रार येई.

शहरातल्या एका वर्कशॉपने पहिल्याच दिवशी निदान केले की पंप गेला. पंप आणि नोजल (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्या) उतरवून तपासणीच्या बेंचवर गेले, २८ हजारांचे बिल झाले, भरल्या टाकीवर सपाट रस्त्याला ट्रायल झाली आणि गाडी ‘ओके’ म्हणून परत मिळाली. दुसऱ्याच फेरीला ती त्याच घाटात थांबली. मग फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप) बदलला, दोन्ही फिल्टर बदलले, आणि तिसऱ्या खेपेला मला गाडी विकून टाकण्याचा सल्ला मिळाला. ज्यांनी पैसे घेतले त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. ते कामात प्रामाणिक होते, फक्त गाडी कधी बंद पडते हे त्यांनी एकदाही विचारले नाही आणि, खरे सांगायचे तर, मीही सांगितले नाही.

ते सांगितले आमच्या चालक मामांनी. त्यांना डिझेलचा प्रत्येक भरणा खिशातल्या डायरीत तारखेसह आणि किलोमीटरसह लिहून ठेवण्याची सवय आहे. ती डायरी बॉनेटवर उघडी ठेवून ते म्हणाले, ‘‘शेठ, गाडी घाटात बंद पडत नाही. डिझेल खाली उतरलं की बंद पडते.’’ हिशेब जुळत होता. टाकी १६० लिटरची. निघताना तीत १२० लिटरच्या आसपास डिझेल असे आणि वाशी-भिवंडी करून घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत ते ६० लिटरवर आलेले असे.

दुसऱ्या दिवशी आम्ही टाकीची नळी फीड पंपापासून सोडवली, डिझेलने भरलेला स्वच्छ कॅन सुतळीने चेसिसला घट्ट बांधला आणि नवी नळी त्यातून थेट फीड पंपाला जोडून गाडी माल भरून आडगावहून चांदवडच्या बाजूला नेऊन आणली. राहुड घाटाची चढण तिने एका दमात काढली. पंप, नोजल, फिल्टर यांतले काहीही दोषी नसल्याचा याहून स्वस्त पुरावा नाही. मग टाकीच्या आतली ओढ-नळी वर काढली. पुसून उन्हात धरली तेव्हा जोडाजवळ केसाएवढी चीर दिसली. डिझेल चिरेच्या वर असेपर्यंत नळी चिरेतूनही डिझेलच ओढत होती. पातळी चिरेच्या खाली गेली, चढाला टाकीतले डिझेल मागे सरकले, की तीच चीर हवा ओढू लागे. ब्रेझिंगचे, म्हणजे चीर पितळेने सांधण्याचे, दीडशे रुपये झाले. त्यानंतर गाडी आजतागायत घाटात थांबलेली नाही.

यातली मूळ गोष्ट आमच्या अनेक मालकबंधूंच्याही लक्षात येत नाही, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग डिझेल ओढणारा असतो, फीड पंपापासून पुढचा ढकलणारा. ढकलणाऱ्या बाजूला जोड सैल झाला तर डिझेल गळते, डाग पडतो, डोळ्यांना दिसते. ओढणाऱ्या बाजूला तोच दोष असेल तर इंजिन चालू असताना बाहेर थेंबही येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते, आणि त्यामुळे मिस्त्री हात फिरवून ‘लाइन कोरडी आहे, ठीक आहे’ म्हणतो. नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टखालचे तांब्याचे वायसर पुन्हा-पुन्हा वापरून चपटे झालेले असतात, रबरी नळी बाहेरून धडधाकट आणि आतून सोललेली असते, नळीची क्लिप नळीतच रुतलेली असते. फीड पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली तर बुडबुडे पळताना स्पष्ट दिसतात.

गाडी कशी थांबली यावरूनही बरेच कळते. चावी फिरवल्यासारखी एका क्षणात थांबली, तर डिझेलच्या आधी वीज पाहावी; ज्या गाड्यांना स्टॉप सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारा विजेवरचा खटका) आहे, त्यांत सोलेनॉइडची तार, फ्यूज किंवा अर्थिंग खड्ड्यात हादरून सुटलेले असते. दम सोडत, हिसके देत थांबली तर डिझेल पोहोचत नाही असे समजावे. दहा-पंधरा मिनिटे उभी राहिल्यावर आपोआप सुरू होत असेल, तर टाकीचे झाकण उघडून ‘फस्स’ असा आवाज येतो का ते ऐकावे; झाकणाचे हवेचे छिद्र चिखलाने बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल पुढे सरकत नाही. हरवलेल्या झाकणाऐवजी चिंधी कोंबणारे किंवा प्लास्टिक बांधणारे चालक मी पाहिले आहेत, आणि तीच गाडी पुढे घोटीला उभी असलेलीही पाहिली आहे. थांबण्याआधी काळा धूर येत असेल तर एअर फिल्टर पाहावा. इंजिन तापलेले असतानाच थांबते, थंड झाल्यावर सुरू होते, आणि वरील सर्व तपासून झालेले आहे, अशा वेळी मात्र पंपाच्या झिजेचा संशय रास्त आहे. त्याचा क्रम शेवटचा, एवढेच माझे म्हणणे.

निफाड भागातल्या गाड्यांबाबत आणखी एक सांगायला हवे. डिसेंबर-जानेवारीत तिथे जी थंडी पडते, तीत रात्रभर अर्धी रिकामी उभी राहिलेली टाकी आतून घामेजते आणि ते पाणी, डिझेलपेक्षा जड असल्याने, तळाशी बसते. सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी टाकीच्या तळाचा बोल्ट जरा सैल करून काचेच्या बाटलीत पावशेर डिझेल काढावे आणि पाच मिनिटे स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे. तो जाईपर्यंत काढत राहावे.

घाटात इंजिन बंद पडणे ही केवळ खोळंब्याची बाब नाही. इंजिनाबरोबर हवेचा कॉम्प्रेसर थांबतो, ब्रेकसाठी टाकीत साठलेली हवा तेवढी उरते आणि प्रत्येक वेळी पेडल दाबताना ती कमी होत जाते. पॉवर स्टीअरिंग असेल तर तेही एकाएकी जड होते. तेव्हा उतारावर बंद पडलेली गाडी लोळवत नेऊन गिअरवर चालू करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. आणि चाकांना लावलेले दगड निघताना रस्त्यातच सोडण्याच्या आपल्या लोकांच्या सवयीबद्दल काय लिहावे! मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अंधारात तो दगड दिसत नाही.

आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीत ब्रेक, दिवे, धूर पाहिला जातो. टाकीतली नळी कोणी काढून पाहत नाही आणि तशी अपेक्षाही नाही. ते काम मालकाचेच आहे. वाहतूकदार संघटनांना माझी विनंती एवढीच की हंगामापूर्वी एखाद्या रविवारी आडगावच्या ट्रक टर्मिनलवर जुन्या गाड्यांची ओढ-नळी, झाकण आणि वायसर यांची तपासणी सर्वांनी मिळून करावी. दोन मिस्त्री आणि एक पारदर्शक नळी एवढ्या सामग्रीत दिवसभरात बऱ्याच गाड्या पाहून होतील. आपल्या वार्ताहरांनीही घाटातल्या बातमीत शक्य तेव्हा चालकाला विचारून गाडी नेमकी कशाने थांबली ते एका ओळीत द्यावे.

आमची ती जुनी नळी पुढे पूर्णच बदलली. चीर पडलेला तुकडा घराच्या ओट्यावर खिळ्याला टांगून ठेवला आहे. परिसरातल्या कोणा मालकाला किंवा शिकाऊ मिस्त्रीला पाहायचा असल्यास सकाळी दहाच्या आत अवश्य यावे. त्यानंतर गाडी भरायला जाते.

कळावे,
आपला नम्र,
एक ट्रकमालक, आडगाव नाका, नाशिक