सैनिकांची पत्रे लॅमिनेट करू नका

संपादक महोदय,
१९७१च्या युद्धात आघाडीवरून आई-वडिलांना आलेली पत्रे ठाण्यातल्या काही घरांत अजून जपलेली आहेत. ‘टिकावीत’ म्हणून ती लॅमिनेट करणे हा मात्र शुद्ध घात आहे. उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक कागदापासून पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही नको, तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो.

इनलँड पत्र घडीवरच फाटते. म्हणून ते उलगडून सपाट ठेवावे, टाचणी काढावी आणि मध्ये आम्लविरहित कागद घालावा. खाडीकाठची हवा दमट, तेव्हा कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहाव्यात.

आणि पाकीट फेकू नका! सैनिकाच्या पत्त्यात ठिकाण नसते, नुसते ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस). पत्र कुठून, कधी आले याचा माग लागतो तो फील्ड पोस्ट ऑफिसच्या, म्हणजे सैन्याबरोबरच्या टपाल कार्यालयाच्या, शिक्क्यातल्या क्रमांकावरून आणि तारखेवरून. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. पत्त्यात तो असेल, तर घरचे कितीही ठामपणे सांगोत, पत्र त्या युद्धातले नव्हे.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे