मंत्रीमहोदय, कोंढाण्यावर नागीण तोफ नव्हती

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: ऐतिहासिक युद्धपटांना सरकारी सवलत देण्याआधी त्यातला इतिहास तपासून घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त इतिहास शिक्षिका आहे. सिंहगडाच्या, म्हणजे जुन्या कोंढाण्याच्या पायथ्याशी राहते आणि शाळांच्या सहली आल्या की मुलांना गड दाखवते. त्याचे पैसे घेत नाही. गेल्या आठवड्यात पुण्यातल्या एका शाळेची मुलं आली होती. पुणे दरवाजातून आत शिरलो तोच एका मुलीनं विचारलं, "बाई, नागीण तोफ कुठे ठेवली होती?" मी म्हटलं, बाळा, अशी तोफ इथे नव्हती, ती 'तान्हाजी' सिनेमातली. तर सोबतचे शिक्षक सगळ्या मुलांसमोर मला म्हणाले, "मॅडम, सरकारनं टॅक्स फ्री केलेला पिक्चर खोटा कसा असेल?" मुलं हसली. दोन दिवसांनी शाळेतून फोन आला. पालकांची तक्रार आहे म्हणे, पुढच्या तुकडीला गड आमचे आम्ही दाखवू. गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मी आता "महाराजांच्या विरोधात बोलणारी बाई" झाले आहे.

त्या शिक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. ते सरकारकडे आहे, म्हणून हे पत्र.

'तान्हाजी' जानेवारी २०२० मध्ये आला आणि त्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळानं त्याला राज्याच्या वाट्याच्या जीएसटीतून सवलत दिली. तेव्हा शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी होता, त्यातले ९ टक्के राज्याचे. म्हणजे आमच्या तिजोरीतले. सिनेमानं देशात अडीचशे कोटींच्या वर गल्ला जमवला. २०२२ मध्ये राष्ट्रीय पुरस्कारही जाहीर झाले. सवलत दिली तेव्हा सरकार दुसऱ्यांचं होतं असं म्हणू नका. खुर्चीत कोण होतं याच्याशी मला कर्तव्य नाही. त्या मंत्रिमंडळात एकानं तरी विचारलं का, की कोंढाण्यावरून राजगड उडवणारी ही तोफ कुठल्या कागदात आहे?

सिंहगड ते राजगड हे अंतर सरळ रेषेत पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. सतराव्या शतकातल्या तोफेचा गोळा फार तर दोन-तीन किलोमीटर जायचा. हवा स्वच्छ असेल त्या दिवशी गडावर उभं राहून राजगडाकडे नुसतं पाहिलं तरी हे कळतं. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही.

आणि कोंढाण्याच्या लढाईत खरं काय घडलं ते लिहून ठेवलेलं आहे. कृष्णाजी अनंत सभासदानं राजाराम महाराजांच्या काळात, लढाईनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी बखर लिहिली. त्यात तोफ नाही. दोर बांधून कड्यावर चढवलेली घोरपडही नाही. आधी दोन मावळे रात्री कडा चढतात, मग बाकीचे. तानाजी आणि किल्लेदार उदेभान समोरासमोर येतात. तानाजीच्या डाव्या हातातली ढाल तुटते. दुसरी ढाल वेळेवर मिळत नाही. मग तो डावा हातच ढालीसारखा पुढे धरतो, त्यावर वार झेलतो आणि लढत राहतो. दोघंही पडतात. मग तानाजीचा भाऊ सूर्याजी लोकांना सावरून गड घेतो, पागा पेटवतो आणि तो उजेड महाराजांना राजगडावरून दिसतो.

मंत्रीमहोदय, हाताची ढाल करणाऱ्या माणसाला कसल्या तोफेची गरज होती? मी वर्गात हा प्रसंग सांगायचे तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा आपापल्या डाव्या हाताकडे बघायची. आता त्याच वयाची मुलं मला तोफेची लांबी विचारतात. उदेभानाचंही तेच. तो मोगलांच्या चाकरीतला रजपूत किल्लेदार, तलवार हातात घेऊन आपल्या जागेवर मेला. सिनेमात त्याला माथेफिरू राक्षस करून टाकलं, तर त्याच्याशी झुंजून पडलेल्या तानाजीचा मान वाढतो की कमी होतो?

कोणी म्हणेल, घोरपड तर तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातही आहे, त्याचं काय? आहे. माझे वडील तो पोवाडा म्हणायचे आणि माझ्या अंगावर आजही काटा येतो. पण पोवाडा हा पोवाडा आहे हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्यावर कुणी सरकारी शिक्का मारलेला नसतो.

जानेवारी २०२५ मध्ये 'छावा'च्या ट्रेलरवरून गदारोळ झाला. संभाजी महाराजांना लेझीम खेळताना दाखवलं होतं. तेव्हा राज्यातल्या एका मंत्र्यांनी जाहीर सांगितलं की तज्ज्ञांना दाखवल्याशिवाय सिनेमा प्रदर्शित होऊ नये. मला वाटलं, चला, आता तरी कायमची व्यवस्था होईल. झालं काय? लेझीम कापली आणि सगळे गप्प. नंतर आपल्या पूर्वजांना फितूर दाखवलं म्हणून शिर्क्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला, दिग्दर्शकांनी माफी मागितली आणि सिनेमा पाचशे कोटींच्या पलीकडे गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात लोक रात्री बॅटऱ्या घेऊन मोगलांचा खजिना शोधायला शेतं खणत होते. सिनेमात पाहिलं म्हणून! आपल्याकडे तज्ज्ञ म्हणजे आग लागल्यावर शोधायची बादली झाली आहे.

पानिपतावरच्या २०१९ सालच्या सिनेमाची तर मला आजही लाज वाटते. भरतपूरच्या सूरजमल जाटांनी पानिपताहून परतणाऱ्या आपल्या जखमी, उपाशी माणसांना आसरा दिला, खाऊ घातलं. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर जखमी अवस्थेत त्यांच्याच मुलखात वारला. त्या सूरजमलांना आग्र्याच्या किल्ल्यासाठी अडून बसणारा सौदेबाज म्हणून दाखवलं. राजस्थानात लोक रस्त्यावर उतरले तेव्हा दृश्यं कापली. हे महाराष्ट्रानं आधी सांगायला नको होतं? ज्याचं मीठ खाल्लं त्याची बदनामी आपल्याच शौर्याच्या नावानं झाली, आणि आपण टाळ्या वाजवत बसलो.

१६७४ च्या नेसरीच्या लढाईवरच्या सिनेमाची झलक आली, तर महाराजांच्या भूमिकेतल्या नटाच्या मागे विजेच्या दिव्यांचं झुंबर! लोंगेवाल्याच्या लढाईवरच्या १९९७ च्या 'बॉर्डर' सिनेमात तिथे लढलेले जवान भैरोसिंह राठोड यांना शहीद दाखवलं. ते डिसेंबर २०२२ पर्यंत हयात होते. जिवंत माणसाला पंचवीस वर्षं पडद्यावर मरताना बघत राहावं लागलं. सेन्सॉरनं शिवी गाळली असती, सिगारेटवर इशारा टाकला असता. जिवंत माणूस मारला, त्याचं काही नाही.

तुम्ही म्हणाल, सेन्सॉर केंद्राकडे आहे, करमणूक कर तर २०१७ पासूनच नाही. मान्य. पण सवलतीचा निर्णय राज्याचा होता. चित्रनगरी राज्याची, मराठी चित्रपटांचं अनुदान राज्याचं, राज्याच्या ताब्यातल्या गडांवर चित्रीकरणाच्या परवानग्याही इथूनच जातात. मी बंदी मागत नाही. सिनेमे जाळणाऱ्यांची मला भीतीच वाटते. कल्पना जरूर करा. पण सरकारी पैसा किंवा परवानगी घेणाऱ्या प्रत्येक युद्धपटानं कुठली पात्रं, कुठले प्रसंग, कुठली शस्त्रं मनची आहेत ते सुरुवातीला मराठीत स्पष्ट लिहावं, मोठ्यानं वाचून दाखवावं. आज जी सूचना येते ती चष्मा काढून पुसेपर्यंत गेलेली असते.

आणि राग फक्त सिनेमावाल्यांवर तरी किती काढायचा? पुण्याच्या पुराभिलेखागारात कोट्यवधी मोडी लिपीतले कागद पडून आहेत. ते वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी पानिपताच्या काळातली पत्रं १८९८ मध्ये छापली, दारोदार हिंडून, पदरमोड करून. आज आपल्याकडे पुतळ्यांना पैसे आहेत, जयंतीच्या होर्डिंगना आहेत, मोडी वाचकाच्या पगाराला नाहीत. शाळेत इतिहासाचा तास पहिल्यांदा कापला जातो. गड बघायला आलेली मुलं कल्याण दरवाजापर्यंत पोहोचतही नाहीत, भजी खाऊन परत जातात. अशा ठिकाणी सिनेमा इतिहास शिकवणार नाही तर कोण शिकवणार? मी सांगायला उभी राहिले, तर मलाच घरी बसवलं.

पुढच्या युद्धपटाची फाईल तुमच्या टेबलावर येईलच. सवलतीच्या आदेशात इतिहास कोणी तपासला त्यांचं नाव आणि सही असू द्या. ती नसेल तर आमच्या करातला एक रुपयाही त्या सिनेमाला देऊ नका. हे करणार की नाही, एवढं मला लेखी कळवा.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
ता. हवेली, जि. पुणे